सुमंगलाची आई आणि आमची आई

(विहाराच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला विषय दिला होता, ‘गिरणी कामगार आणि धम्मचळवळ’. हा विषय आम्ही तीस वर्षं बोलत आलो. झोपेतून उठवलं तरी बोलू. म्हणून आज तो बाजूला ठेवायची परवानगी अध्यक्षांकडून मागून घेतली. आज एका कवितेवर बोलायचं आहे. आम्ही काही पंडित नाही. नववीत शाळा सुटली. पुढचं शिक्षण तिसऱ्या पाळीत, डबा खायच्या सुट्टीत, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झालं. तेव्हा काही कमी-जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

त्रिपिटकात सुत्तपिटक आहे, त्यात खुद्दकनिकाय आणि त्यात थेरीगाथा नावाचा ग्रंथ आहे. थेरी म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी. 73 थेरींच्या गाथा त्यात आहेत. राजघराण्यातल्या बाया आहेत, सावकारांच्या लेकी आहेत, गणिका आहेत आणि आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्याही आहेत. त्यातलीच एक आमची आजची थेरी. गंमत बघा, तिचं स्वतःचं नाव ग्रंथाला ठाऊक नाही. ती ‘सुमंगलमाता’ म्हणून ओळखली जाते. सुमंगलाची आई! आपल्या चाळीत नाही का, बाळूची आई, शोभाची आई? चाळीस वर्षं शेजारी राहतो आणि त्या बाईचं खरं नाव कळतं ते तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर.

तर ही सुमंगलाची आई श्रावस्तीकडची, गरीब घरातली. नवरा वेत-बोरूकाम करणारा, असं अट्ठकथेत म्हटलं आहे. तिची गाथा जेमतेम दोन कडव्यांची. तिचा अर्थ आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. ती म्हणते की मी सुटले, चांगली सुटले. कशातून? तर मुसळातून सुटले. निर्लज्ज नवऱ्यातून सुटले. त्याच्या छत्रीतूनही सुटले. ज्या भांड्याला पाणसापासारखा वास यायचा त्यातूनही सुटले. आता मी झाडाखाली जाऊन बसते, ध्यान करते आणि सुखात आहे. बस्स, एवढंच.

बंधू-भगिनींनो, या गाथेत मारहाण हा शब्द नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. नवरा निर्लज्ज होता, एवढंच ती बोलली. त्याने काय केलं ते तिने सांगितलं नाही. पण ही गाथा आमच्या आईने ऐकली तेव्हा तिला जे ऐकू आलं, ते सांगण्यासाठी आज उभे आहोत.

2011 सालचा वर्षावास. याच सभागृहात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालायचं. एके दिवशी मोठा पाऊस, माणसं कमी. भन्तेजी म्हणाले, आज थेरीगाथा वाचू. आम्ही मराठी भाषांतर वाचायला बसलो. आई त्या खांबाला टेकून बसलेली. तिला अक्षरओळख नव्हती. सुमंगलमातेची गाथा वाचून झाली आणि आई मधेच बोलली,

“ही बाई कुठल्या गावची रं?”

आम्ही म्हणालो, “आई, ही कोसल देशाची. अडीच हजार वर्षं झाली.”

“मंग तिला आमचं मुसळ कसं ठावं?”

बाया हसल्या. आई हसली नाही. म्हणाली, “भांड्याला वास येनारच. रिकामं भांडं वासच मारतं. पुना वाच.”

आम्ही पुन्हा वाचलं. तिने तीनदा वाचायला लावलं. मग पदर तोंडाला लावून उठली आणि घरी गेली. आम्हाला तेव्हा वाचन पुढे नेता आलं नाही.

आता तरुण पिढीसाठी थोडं मागचं सांगावं लागेल. आमचे वडील गिरणीत रिंग खात्यात. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांचं नेतृत्व, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. संप लांबला, पगार गेला, भांडीकुंडी गेली. वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. दारू वाढली. रात्री आईला मारायचे. पट्ट्याने मारायचे, लाथेने मारायचे. आम्ही आणि धाकटी बहीण मोरीत जाऊन बसायचो आणि नळ सोडायचो, म्हणजे आवाज कमी येईल. पाणी नसलं की आवाज पूर्ण यायचा.

हे आम्ही अनेक वर्षं असंच सांगत आलो. संपाने आमच्या बापाला दारूडा केला, संपाने आमचं घर मोडलं. टाळ्या मिळायच्या. एकदा असंच एका सभेत बोलून घरी आलो, तर आई म्हणाली, “संपाच्या आधी काय तुझा बा मला ओवाळत हुता? आन् संप काय त्याचा एकट्याचा हुता? माजा बी हुता की. मी कुनाला मारलं?”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या संपात आमचं पोट आईने भरलं. गावाहून आणलेलं उखळ-मुसळ तिने गॅलरीत मांडलं आणि लोकांचा मसाला कांडून द्यायला लागली. दिवसभर मिरची कांडायची, डोळ्यांना धारा. रात्री डोळे सुजलेले असले तर लोकांना वाटायचं, मिरचीने सुजले. की वाटून घ्यायचं तसं? भिंत वीतभर. शेजारच्याला खोकला आला तर आम्हाला कळायचं. मग आईचं ओरडणं कुणाला कळत नव्हतं का? कळत होतं. रेडिओचा आवाज मोठा व्हायचा. पलीकडच्या खोलीत भीमजयंतीच्या वर्गणीची बैठक चालू असायची. हिशेब लिहिणारा क्षणभर थांबायचा आणि पुन्हा लिहायला लागायचा. “नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला पडा.” हे वाक्य आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलं की ते पंचशीलातलंच असावं असं वाटायचं.

1984 च्या पावसाळ्यातली एक रात्र. डोकं फुटलं होतं. आईने आम्हा दोघा भावंडांना उठवलं आणि चालायला लागली. माहेर घाटावर, गाडीभाड्याला पैसे नाहीत. ती इथे आली. तेव्हा विहार म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे दोन दगडी पायऱ्या. दाराला नुसती कडी. पाऊस आत येत होता म्हणून आई पायरीवरच भिंतीला लागून बसली. थोड्या वेळाने समोरच्या चाळीतली एक म्हातारी कंदील घेऊन आली. काही विचारलं नाही. शेजारी बसली. मग दुसरी आली, तिसरी आली. पाच जणी झाल्या. एकीने हळद आणली, एकीने आमच्या अंगावर गोधडी टाकली. पहाटे वडील आले. शिव्या देत आले. पाच जणींतली एकही उठली नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, “न्यायाची हाय का हिला? ने. आमी बी येतो संगं.”

आणि त्या आल्या! रोज रात्री दोघी-तिघी पाळीपाळीने आमच्या खोलीत झोपायला यायच्या. महिनाभर. कुणी भाषण केलं नाही, कुणी अर्ज लिहिला नाही. वडिलांची दारू सुटली नाही, ती 1996 साली त्यांच्याबरोबरच गेली. पण त्या महिन्यानंतर आईच्या अंगावर हात पडला नाही. आमची आई वाचली ती या पायरीमुळे आणि त्या पाच जणींमुळे. त्यांतली आज एकही हयात नाही. तेव्हा पुरुष मंडळी कुठे होती, असं कुणी विचारेल. घरातच होती. जागीही होती.

आता पुन्हा गाथेकडे येऊ. या थेरीचा मुलगा सुमंगल हाही पुढे भिक्खू झाला, अशी परंपरा आहे. थेरगाथा म्हणून भिक्खूंच्या गाथांचा जो ग्रंथ आहे, त्यात सुमंगल थेराची गाथा आहे. आईसारखीच सुरुवात, सुटलो सुटलो म्हणून. तो म्हणतो, तीन वाकड्या गोष्टींतून मी सुटलो. विळा, नांगर आणि कुदळ. शेतावर राबणारा गरीब माणूस, कमरेत वाकून काम करणारा. आम्ही ही गाथा वाचली तेव्हा उड्या मारल्या. ही तर आमचीच गाथा! आम्ही 1990 साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. रिंग फ्रेमवर तुटलेला धागा सांधायला दिवसातून किती वेळा वाकलो त्याची गणती नाही.

पण मग दोन्ही गाथा शेजारी ठेवून पाहिल्या. मुलाच्या यादीत तिन्ही अवजारं आहेत. आईच्या यादीत मुसळ आहे, भांडं आहे आणि नवरा आहे. एकाच घरातली माणसं. मुलाने आपली मेहनत मोजली, त्याचं दुःख खोटं नाही. पण त्याच्या गाथेत आईचं दुःख आलेलं नाही. ते आईलाच सांगावं लागलं.

बंधूंनो, आम्ही तीस वर्षं सुमंगलाची गाथा गात आलो. मालक, मुकादम, जात, पगार, बोनस, टाळेबंदी. सगळं खरं. ते बोललंच पाहिजे. आमची गिरणी 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, त्यावरही आम्ही बोलणार. पण आईची गाथा आम्ही कधी व्यासपीठावर आणली नाही. का? तर समाजाची बदनामी होईल म्हणून. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ मध्ये लिहून ठेवलं आहे, पळून गेलेल्या सुनेला धरून आणून तिच्या पायात लाकडी खोडा कसा घालत. हे त्यांनी आपल्याच लोकांबद्दल लिहिलं आणि कित्येक वर्षं लपवून ठेवलं. 1986 साली पुस्तक झालं. त्याने समाजाची बदनामी झाली नाही. बदनामी खोड्याने झाली होती.

आणि बाबासाहेबांनी तर आधीच सांगितलं होतं. 20 जुलै 1942, नागपूरची महिला परिषद. लग्न होणाऱ्या प्रत्येक मुलीने नवऱ्याच्या बरोबरीने, त्याची मैत्रीण म्हणून उभं राहावं, त्याची गुलाम होऊ नये, असा त्यांचा उपदेश होता. हिंदू कोड बिलासाठी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हे आम्हाला तोंडपाठ होतं. किती तोंडपाठ होतं, ते आता सांगतो.

हे सांगण्याआधी आमच्या सहचारिणींना विचारलं आहे. त्या समोर बसल्या आहेत. आम्ही घरी भाषण लिहीत होतो, तेव्हा लिहिलं होतं, ‘1999 साली एकदा आमच्याकडून हात उठला.’ त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “हात काय आपोआप उठतो? मारलं म्हणून लिहा. आणि एकदा नव्हे, दोनदा.”

तर 1999 साली आम्ही आमच्या पत्नीला मारलं. दोनदा. दारू प्यालो नव्हतो. संप नव्हता. तिसरी पाळी करून आलो होतो, डब्यावरून शब्दाला शब्द लागला, एवढंच. आणि त्याच आठवड्यात याच सभागृहात आम्ही हिंदू कोड बिलावर तासभर बोललो होतो.

आई तेव्हा आमच्याकडेच. तिने पहिल्या खेपेला पाहिलं आणि गप्प राहिली. दुसऱ्या खेपेला तिने आपलं गाठोडं बांधलं, सुनेचा हात धरला आणि आम्हाला म्हणाली, “तुझ्या बापाचं घर मला सोडता आलं न्हाई. तुजं सोडीन.” दोघी इथे येऊन बसल्या, त्याच पायरीवर. भर दुपारी, सगळ्या वस्तीदेखत. आम्ही कार्यकर्ते माणूस! लाजेने मेल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत घरात बसून राहिलो. मग इथे येऊन दोघींची माफी मागितली. पत्नीने लगेच होकार दिला नाही. चार दिवस त्या महिला मंडळाच्या भगिनींकडे राहिल्या. त्यांचा हक्कच होता. त्यानंतर पुन्हा मारलं नाही, पण ही काही मर्दुमकी नव्हे. न मारणं याला कुणी हार घालू नये.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला सहा दिशांचा उपदेश केला. त्यात पत्नीला पश्चिम दिशा म्हटलं आहे. पतीची पाच कर्तव्यं सांगितली. तिचा सन्मान करणं, अपमान न करणं, तिच्याशी एकनिष्ठ राहणं, घरातला अधिकार तिच्या हाती देणं, तिला वस्त्र-अलंकार देणं. लग्नं लावताना हे आम्ही म्हणतो. लग्नानंतर कुणी जाऊन बघतो का?

आता काही कामाच्या गोष्टी. आमच्या आईच्या वेळी जे नव्हतं ते आज आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 साली झाला, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात नुसती मारहाण नाही. शिवीगाळ, अपमान, घरखर्चाचे पैसे अडवणं, हेही हिंसेत येतं. खोली कुणाच्याही नावावर असो, बाईला त्या घरात राहायचा हक्क आहे, तिला बाहेर काढता येत नाही. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते आणि ती फक्त तिनेच करावी असं नाही, शेजाऱ्यानेही कळवता येतं. बाईला सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, मग तिची कमाई कितीही असो. फोनवर मदत हवी तर 181, पोलीस हवे तर 112. हे दोन आकडे मुलींच्या वहीवर लिहून द्या. कोर्टात खेपा घालाव्या लागतात, ते आम्ही लपवत नाही. म्हणून तर सोबत जाणारं माणूस लागतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019-21 साली झाली. लग्न झालेल्या शंभर बायांमागे सुमारे 29 जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हा आकडा देशाचा आहे. पण आपली वस्ती काय देशाबाहेर आहे? आज या सभागृहात शंभराच्या वर भगिनी बसल्या आहेत. कुणाकडे वळून बघू नका. नुसतं मनात धरा.

शेवटची गोष्ट. आमची आई 2017 साली गेली. ती बसली होती त्या दगडी पायऱ्या आपण नवीन बांधकामात काढल्या नाहीत, हे फार चांगलं केलं. पण 2009 साली दानपेटी फुटली, तेव्हापासून त्यांच्यापुढे लोखंडी जाळीचा दरवाजा आहे. रात्री नऊला कुलूप लागतं. दानपेटीची काळजी घेतलीच पाहिजे. पण आज रात्री बारा वाजता एखादी बाई पोरं घेऊन घराबाहेर पडली, तर ती कुठे बसेल? जाळीबाहेर, रस्त्यावर.

कुलपाच्या तीन किल्ल्या आहेत. तिन्ही पुरुष विश्वस्तांकडे आहेत. त्यांतली एक आमच्याकडे. आमची समितीला विनंती आहे की रात्रीची एक किल्ली महिला मंडळाकडे असावी आणि ती कुणाकडे आहे ते बाहेरच्या फळ्यावर लिहावं. समिती काय ठरवायचं ते ठरवेल. आमची किल्ली मात्र आम्ही आज, आत्ता, महिला मंडळाच्या अध्यक्षांच्या हाती देत आहोत. ताई, या. घ्या.

आणि बंधूंनो, पुढच्या वेळी भिंतीपलीकडून आवाज आला की टीव्ही मोठा करू नका. जाऊन दार वाजवा. काय बोलायचं सुचलं नाही तर साखर मागा. पण दार वाजवा.



भवतु सब्ब मंगलं! नमो बुद्धाय! जयभीम!